मंडईत वाजलेलं मोठं गाणं

आमच्या घरात भांडं वाजलेलं बाबांना खपत नसे. माय पितळी ताटं मांडायची तीसुद्धा शेजारी कुणी झोपलेलं असावं अशा बेताने. पाटावर बोटं वाजवली, पिंपावर पळी आपटली, शाळेतून येताना पट्टीने कुणाच्या कुंपणाचे बांबू खडखडवत आलं, की बाबा वर्तमानपत्रातून नुसती मान वर करायचे. तेवढं पुरायचं. इतर घरांतली पोरं मारामाऱ्या करून मार खायची. आमच्या आनंदभाऊने लहानपणी जेवढा मार खाल्ला तो सगळा तालापायी. डाळीचा डबा हाताशी आला की त्याची बोटं सुटलीच. शेवटी व्हायचं तेच झालं. नागपूरला शिकायला गेलेला आमचा भाऊ खांद्यापर्यंत केस वाढवून, हातात दोन काड्या घेऊन परत आला, आणि त्या काड्यांनी तो तिथे काय करतो हे बाबांना कोणी सांगायचं यावरून माझी आणि मायची आठवडाभर ढकलाढकली चालली.

करडी गावाच्या अलीकडे आमचं गाव, बाबा तिथल्याच शाळेत मास्तर होते. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, उन्हाळा असो की हिवाळा काखेत छत्री. त्यांचे वडील, म्हणजे माझा आजा, गावाचं डफडं वाजवायचा. मातामायची, म्हणजे गावदेवीची पूजा असो, मंडई असो की कुणाचं मढं निघो, पुढे डफडं आजाचं. त्याबद्दल सुपभर धान आणि देवीपुढे कापलेल्या बकऱ्याचं मुंडकं मिळायचं. त्याला ‘हक्क’ म्हणायचे, गंमत बघा. वाजवायला नाही म्हणण्याचा हक्क मात्र कुणाला नव्हता. मग आमच्या लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर वस्तीतली सगळी डफडी एका बैलबंडीत घालून कारध्याला नेली. गावच्या घाटावर टाकली असती तर कुणीतरी काढून आणून पुन्हा दारात ठेवली असती, म्हणून एवढ्या लांब. तिथे पुलावरून ती वैनगंगेत सोडली. बाबा तेव्हा बंडीसोबत चालत गेले होते. आजाचं डफडं बुडेना, ते लांबवर तरंगत गेलं आणि दिसेनासं होईस्तोवर आजा कठड्याला धरून उभा होता, एवढं त्यांनी मायला एकदा सांगितलं होतं. पुन्हा त्या विषयावर त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही.

त्यानंतर गावाने आम्हाला काही केलं असं मी म्हणणार नाही. मंडईला दुसऱ्या गावचे वाजवणारे येऊ लागले. बाबा मास्तर झाले, तेव्हा हळूहळू लोक त्यांना मास्तर म्हणू लागले, गावचे डोमाजी पाटीलसुद्धा. पण कुठल्या वर्षी धानावर रोग पडला, कुणाची म्हैस मेली, की पारावर कुणीतरी आमच्या वस्तीकडे बघत म्हणायचंच, मातामायपुढे घरचं डफडं वाजत नाही आता. बोलणारा हसत हसत बोलायचा. मला त्या हसण्याची भीती वाटायची आणि आज या वयात, नागपूरच्या फ्लॅटमध्ये कडी लावून बसलेली असतानाही, कुणी उगाच गोड हसलं की माझे कान टवकारले जातात. माझी सून म्हणते, आई, तुम्ही लोकांवर विश्वासच ठेवत नाही. ठेवते ना. आधी जरा बघून घेते, एवढंच.

आजाने डफडं सोडलं, पण त्याच्या बोटांनी सोडलं नाही. म्हातारपणी झोपेत त्याची बोटं खाटेच्या लाकडावर चालायची. संथ, जड, मध्येच एक ठोका गिळून टाकल्यासारखा. आनंदभाऊ लहानपणी त्याच्या कुशीत झोपायचा. तो ताल त्याच्या अंगात कधी गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

नागपुरात त्याने तीन जणांचा बँड केला होता, पर्पल लँटर्न नावाचा. रेल्वेतल्या ड्रायव्हरचा मुलगा डेरिक गिटार वाजवायचा आणि गायचा, एक अबोल बंगाली पोरगा जाड तारांची गिटार वाजवायचा, आणि ड्रमवर आमचा भाऊ. दिवसा तो रेडिओच्या दुकानात काम करायचा, त्यामुळे घरी सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं. कॅसेटचा जमाना नुकताच आलेला. यांनी पैसे साठवून स्वतःची पहिली कॅसेट काढली आणि तिची गाणी घेऊन एक जुनी मॅटाडोर भाड्याने ठरवून गावोगाव निघाले. वर्धा झालं, नागपूरची दोन कॉलेजं झाली, पुढे गोंदियाला रेल्वेवाल्यांच्या क्लबात कार्यक्रम होता. त्यांच्या त्या प्रकाराला गाणं म्हणायला मला बराच काळ लागला. एकेक गाणं संपता संपत नसे. गिटार आधी गुरगुरायची, मग किंचाळायची, मग विहिरीच्या तळातून यावा तसा डेरिकचा आवाज यायचा, आणि सगळ्याच्या खाली भाऊचे ड्रम. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एकच गाणं होतं. त्याला ती पोरं नुसतं ‘मोठं गाणं’ म्हणत.

बाबा शाळेत गेलेले पाहून भाऊने ते आम्हाला टेपरेकॉर्डरवर ऐकवलं. माय लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचं वाटण थापत होती. गिटार ऐकून ती हसली, म्हणाली, “कोंबडं पकडून राहिले का रे कोणी?” मग ड्रम सुरू झाले आणि तिचा हात तेलावर तसाच थांबला. वडा हातात, तेल धुरावतंय. “हे कुठून आणलं रे तू?”

“डोक्यात होतं माह्या,” भाऊ खूश होऊन म्हणाला. “चांगलं आहे ना, माय?”

“चांगलं आहे,” ती म्हणाली आणि वडा सोडला. तो बाहेर गेल्यावर तिने मला चुलीजवळ ओढलं. “तुह्या आज्याचं आहे हे. मातामायपुढचं. बकरं आणतानी वाजवत होता तो. अनवाणी उभं राहून वाजवा लागे, पायात काही नाही, गळ्यात दोरी बांधून डफडं. पाटलाच्या वर बसायचं नाही, देवीकडे पाठ करायची नाही. पायाले चटके बसत, तरी हलायचं नाही.” मी म्हटलं, मग भाऊला सांग ना. “कायले सांगू? त्याच्यासाठी ते देवीचं नाही, आज्याचं आहे. राहू दे त्याच्याजवळ तेवढं.” मीही भाऊला सांगितलं नाही. मायचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं.

आता आमच्याकडची मंडई म्हणजे काय ते सांगायला हवं. दिवाळी झाली की गावोगाव एकेक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, दुपारी दंडारीवाले सोंगं घेऊन नाचतात आणि घरोघरी मटण शिजतं. भाऊला वाटलं, गोंदियाच्या वाटेवर आपलं गाव आहे, मंडईही त्याच आठवड्यात, तर एक कार्यक्रम घरी करू. परवानगी मागायला तो एकटाच पाटलाकडे गेला. गेला तसा परत आला, उड्या मारत. पाटील लगेच हो म्हणाले होते. जागासुद्धा त्यांनीच नेमून दिली, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मातामायच्या चौथऱ्यासमोर.

बाबांना तोवर सगळं कळून चुकलं होतं; एवढ्याशा गावात कोणती गोष्ट लपते? ते आता रागावणार असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी छत्री खुंटीला लावली आणि विचारलं, “पाटलानं काय इचारलं ते सांग. शब्द न् शब्द.”

“काही नाही. तूच वाजवशील ना, म्हणे. दुसरा कोणी नाही ना.”

“आखीन?”

“आखीन काही नाही, बाबा. खूश होते.”

बाबांनी जेवताना एकही घास नीट खाल्ला नाही. वांग्यात झिंगे घातलेली भाजी त्यांच्या आवडीची, तीही तशीच राहिली. नाही म्हणाले असते तर भाऊने ऐकलं असतं का, कोण जाणे. पण बाबा नाही म्हणाले नाहीत. मायला एवढंच म्हणाले, “पोरगा माह्या गावात वाजवाले घाबरते असं व्हाले नको.”

मंडईच्या दिवशी ऊन चांगलं कडक होतं. मॅटाडोरमधून काळ्या पेट्या उतरल्या, जनरेटर आला, दोन बंड्यांच्या फळ्या जोडून मंच झाला. डेरिकने रंगीत तेलाचे थेंब पडद्यावर नाचवणारा एक दिवा आणला होता. भर दुपारी त्यातलं काय दिसणार? पांढऱ्या चादरीवर पांढरंच ऊन. पोरं खिदळली. गिटार पहिल्यांदा गरजली तेव्हा तलावातले बगळे एकदम उठले, कुणाचे बैल जोत सोडून पळाले, आणि म्हाताऱ्या बायकांनी कानांवर पदर दाबले. पहिली दोन गाणी लोकांनी टिंगलीत घालवली. “गळा बसला वाटते याचा, मोसंबीचा रस पाजा बे!” असं कुणी ओरडलं की सगळी पाळ हसायची. मीही हसले. भाऊ घामाने निथळत होता, डोळे मिटलेले, आणि इतका सुखात दिसत होता की मला त्याचा हेवा वाटला. डोमाजी पाटील समोर खुर्चीवर बसले होते. ते मात्र हसत नव्हते. ते वाट बघत होते.

मग मोठं गाणं सुरू झालं. आधी नुसती जाड तारांची गुणगुण, बराच वेळ, मग ड्रम. मी पाळीवरून बघत होते म्हणून मला ते नीट दिसलं. हसणं एकदम थांबलं नाही. आधी म्हातारे गप्प झाले. मग त्यांच्याकडे बघून त्यांची पोरं. एका म्हाताऱ्याने टोपी सारखी केली आणि हात जोडले, मंचाकडे नव्हे, त्याच्या पाठच्या चौथऱ्याकडे. बायका आरतीची ताटं घेऊन आल्या. ती ताटं घरून आणून तयार ठेवलेली होती. आणि मग गर्दी फाकली आणि कपाळाला कुंकू लावलेलं, गळ्यात झेंडूची माळ घातलेलं एक काळं बकरं मंचापुढे आणलं गेलं. ते ओरडत होतं, पण गिटारीत ते ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड उघडमीट होताना दिसत होतं. भाऊचे डोळे अजून मिटलेलेच. डेरिकने बकरं बघितलं आणि लोक रंगात आलेत असं समजून तो आणखी जोरात वाजवू लागला.

पाटील उठले. त्यांनी हात वर केला तशी गिटार थांबली, भाऊनेही डोळे उघडले. “शाबास,” पाटील म्हणाले. आवाज इतका मायाळू, की अनोळखी माणसाला वाटावं पोराचा मामाच बोलतोय. “हेच पाहिजे होतं गावाले. आता असं कर बेटा, तो एक नगारा घे आन् खाली उतर. मातामायपुढे उभं राहून वाजव. बूट काढून ये.”

कुणीतरी सुताची जाड दोरी पुढे केली, नगारा गळ्यात बांधायला. दोरीही तयारच होती.

भाऊला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, देवस्थान आहे, लोकांची श्रद्धा आहे, आपण मान ठेवावा. “क्यों नहीं, अंकल!” डेरिक म्हणाला आणि त्याने मोठ्या आदराने स्वतःचे जोडे काढलेसुद्धा. भाऊ वाकून बुटाची नाडी सोडू लागला. मला ओरडायचं होतं, पण शेजारी मायने माझा हात इतका आवळला होता की बांगडी पिचली.

बाबा गर्दीच्या कडेला उभे होते. ते चालू लागले तेव्हा लोकांनी वाट दिली. काय असेल ते असो, अर्ध्या गावाला अक्षर त्यांनीच शिकवलं होतं. मला वाटलं, भाऊच्या कानशिलात बसणार आता. बाबा मंचावर चढले, छत्री बाजूला ठेवली, आणि सगळ्या गावासमोर आपल्या मुलाच्या पायाशी खाली बसले. त्याची सुटलेली नाडी त्यांनी हातात घेतली आणि बांधायला लागले. शाळेत पहिलीच्या पोरांची बांधायचे तशी, दोन कान करून, घट्ट.

“बाबा, काय करून राहिले तुम्ही?” भाऊ पाय मागे घेत म्हणाला.

“पाय हलवू नको.”

“लक्ष्या,” पाटील म्हणाले. कितीतरी वर्षांनी मी बाबांचं ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. “पोराले उतरू दे. अर्ध्यात तोडू नये देवीचं.”

“दुसरा बूट राहिला,” बाबा म्हणाले. तो बांधून झाल्यावरच उभे राहिले. “हे देवीचं नाही, पाटील. माह्या पोराच्या कॅसेटमधलं गाणं आहे. बसून वाजवाचं आहे. बूट घालून वाजवाचं आहे. ज्याले ऐकाचं आहे त्यानं ऐकावं.” आणि भाऊच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वाजव.”

भाऊचा चेहरा पांढरा पडला होता. काय घडतंय ते त्याला आत्ता, त्या क्षणी, बाबांचा हात खांद्यावर पडल्यावर कळलं असावं. त्याने काड्या उचलल्या. डेरिकने घाईघाईने जोडे पायात घातले. गाणं जिथे तुटलं होतं तिथून सुरू झालं, आणि मी शप्पथ सांगते, असं वाजवलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. पाटलांनी वळून नुसती मान हलवली आणि गाव उठलं. बकरं, ताटं, खुर्ची, लेकीबाळी, सगळे पाळ चढून शांतपणे निघून गेले. दुकानदारांनी फुग्यांच्या काठ्या उचलल्या. मैदानात उरली आमच्या वस्तीतली माणसं आणि मंचाच्या बाजूला उभे असलेले बाबा. एवढ्या मोकळ्या जागेत ते गाणं भयंकर वाटत होतं. तलावावर आपटून परत यायचं. बाबांना संगीतातलं काही कळत नव्हतं. ते शेवटच्या ठोक्यापर्यंत सरळ उभे राहिले.

संध्याकाळी पाटील आमच्या अंगणात आले. आले म्हणजे फाटकाशी उभे राहिले. मायने पाणी आणलं, ते त्यांनी नको म्हटलं. “पोरगा चांगला वाजवते, मास्तर,” ते हसून म्हणाले. “गाव काही इसरत नाही बरं.” एवढंच बोलले आणि गेले. बाबांनी त्याच पावली भाऊला आणि त्याच्या मित्रांना मॅटाडोरमध्ये बसवून तुमसरच्या रस्त्याला लावलं. डेरिक निघताना बाबांच्या पाया पडला. त्या पोराला तोवर बरंचसं समजलं होतं.

चार दिवस काही झालं नाही, आणि ते चार दिवस मला नंतरच्या सगळ्यापेक्षा वाईट वाटले. विहिरीवर बायका माझ्याशी बोलायच्या, पण आधी इकडेतिकडे बघून. शाळेत पोरं कमी आली. पाचव्या दिवशी पहाटे आम्हाला जळक्या पेंढीच्या वासाने जाग आली. आमचा दीड एकराचा तुकडा होता, त्यातला कापून रचलेला धानाचा पुंजणा, आमचं वर्षाचं पोट, जळून बसला होता. आग विझवायला काही उरलंच नव्हतं. माय राखेत हात घालून एखादी लोंबी शिल्लक आहे का बघत होती, आणि हाताला लागत होत्या त्या काळ्या लाह्या. कोणी जाळलं ते मी सांगणार नाही, कारण मी पाहिलं नाही. बाबांनीही कधी कुणाचं नाव घेतलं नाही. ते बांधावर उभे होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा म्हातारे वाटले. मला त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

भाऊला कुणाकडून तरी बातमी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, गोंदियाचा कार्यक्रम संध्याकाळी होता तो सोडून. आधी शेतात जाऊन आला. मग ओसरीवर बाबांसमोर बसला आणि खिशातल्या काड्या काढून खाली ठेवल्या. “मी सोडलं, बाबा,” तो म्हणाला. “माह्यापायी झालं हे. आता नाही वाजवत.”

बाबांनी त्याच्या कानशिलात मारली. तालासाठी त्यांनी त्याला पुष्कळदा मारलं होतं, पण हे मारणं वेगळं होतं, मारताना त्यांचेच डोळे भरून आलेले. “ज्याच्यासाठी जाळलं,” ते म्हणाले, “तेच तू त्याईले फुकटात देऊन राहिला? कशाचा पोरगा आहे बे तू?” मग त्यांनी काड्या उचलल्या, सदऱ्याने पुसल्या आणि त्याच्या हातात कोंबल्या. माय आत जाऊन भात वाढून घेऊन आली. तो चार घास खाऊन उठेपर्यंत बाबा अंगणात त्याच्या चपला झाडत उभे होते.

तिठ्यावर आम्ही सगळेच गेलो. बसची वाट बघणारी पंधरा-वीस माणसं होती, गावातलीच, आणि आमच्याभोवती जरा जागा सोडून उभी होती. पाटलांचा पुतण्याही होता. बस आली. भाऊ चढला. बाबा एरवी कंडक्टरशीसुद्धा हळू आवाजात बोलणारे माणूस; ते दारापाशी गेले आणि आतल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गोंदियाचं एक तिकीट द्या. माह्या पोराचा तिथं कार्यक्रम आहे.”